शंभरपैकी शंभर

आपण रुळलो आहोत हे त्याला मंगळवारी सकाळी साडेदहाला कळलं, आणि तेही पत्रातून. पत्र विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी साहाय्य केंद्राचं होतं. वरच्या कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेले दोन हात होते, हस्तांदोलन करताहेत की पंजा लढवताहेत ते कळू नये अशा बेताने काढलेले, आणि खाली पहिलीच ओळ : ‘अभिनंदन! तुम्ही आमच्यात पूर्णपणे रुळला आहात.’ त्या वेळी तो पलंगाच्या कडेवर बसून उजव्या हाताची बोटं गार पाण्याच्या पेल्यात बुडवून होता, कारण उठताना त्याने ती नेहमीप्रमाणे भिंतीवर आपटून घेतली होती. घरी पलंगाच्या उजव्या अंगाला दार होतं. चोवीस वर्षं तो उजवीकडे वळून, अर्धवट झोपेत हात पुढे करून, पडदा सारून बाहेर गेला होता. इथे उजवीकडे भिंत. दार डावीकडे, चांगलं रुंद, आणि आग लागल्यास काय करावं याची आठ चित्रं त्यावर चिकटवलेली. दार डावीकडे आहे हे त्याला पाठ होतं. दिवसा कुणी विचारलं असतं तर नकाशा काढून दाखवला असता. पण सकाळी डोळे उघडायच्या आधी जो कोणी उठायचा, त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो उठायचा, उजवीकडे वळायचा आणि भिंतीत शिरायला बघायचा. आठ महिने. भिंतीवर हाताच्या उंचीला एक तेलकट डाग पडला होता. त्याने पत्र दोनदा वाचलं, मग ओल्या बोटांनी उलटून मागची बाजू बघितली. शरीराला उद्देशून वेगळं काही लिहिलेलं नव्हतं.

पत्रात पुढे असं होतं की त्याला दुसऱ्या प्रश्नावलीत शंभरपैकी शंभर मिळाले आहेत, केंद्र स्थापन झाल्यापासून असा निकाल कुणाचाच लागलेला नाही, आणि म्हणून दर बुधवारी अकरा ते साडेअकरा अशी जी भेट त्याला दिली होती ती या आठवड्यापासून बंद करून गरजू विद्यार्थ्याला देण्यात येत आहे. शिवाय दोन विनंत्या होत्या. त्याने एका नव्या विद्यार्थिनीचा सोबती व्हावं आणि शुक्रवारी दहा वाजता नव्या लोकांच्या स्वागत समारंभात ‘मी कसा रुळलो’ यावर पाच मिनिटं बोलावं. आधी त्याला आनंद झाला. तो जुना, हुकमी आनंद होता, निकालाचा. छातीत कुठेतरी त्याची जागा ठरलेली होती आणि तो आला, बसला, निघून गेला. मग ‘बंद’ हा शब्द हळूहळू पोटात उतरायला लागला. बुधवार बंद. तो उठून खोलीत फिरायला लागला. खोली साडेचार पावलांची होती, त्यामुळे दर वेळी अर्धं पाऊल शिल्लक राहायचं आणि त्याचं काय करावं ते कळायचं नाही.

चूक त्याची नव्हती असं नाही, पण ती तयार व्हायला चोवीस वर्षं लागली होती. त्याचे वडील घरातच क्लास घ्यायचे. अख्खी गल्ली त्यांना सर म्हणायची, आईसुद्धा चारचौघांत सरच म्हणायची, आणि तो बाहेरच्या खोलीत असला तर सर, आतल्या खोलीत असला तर बाबा म्हणायचा. दारात उभा असला तर गप्प राहायचा. सरांचं एकच सांगणं असायचं. “प्रश्नात काय विचारलंय ते कुणीही वाचेल. तपासणाऱ्याला काय वाचायचंय ते वाचा.” या एका वाक्यावर गल्लीतली निम्मी मुलं मार्गाला लागली होती. जी लागत नव्हती, ती सकाळी सहाला सुजलेल्या डोळ्यांनी यायची. तो असायचा कच्च्या मुलांचा जादा तास. तो आतून, पांघरुणातून, पडद्याच्या फटीतून त्यांचे पाय बघायचा आणि आपण त्यांच्यातले नाही या सुखाने पुन्हा झोपायचा. इथे आल्या महिन्यात पहिली प्रश्नावली आली तेव्हा तो काहीच अभ्यास न करता बसला. वीस वाक्यं होती, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे. ‘मला इथे शांत झोप लागते.’ ‘इथले विनोद मला कळतात.’ ‘गरज पडली तर मला मदत मागता येते.’ त्याने भोळेपणाने जे वाटलं ते टाकलं आणि त्याला एकोणचाळीस मिळाले. एकोणचाळीस! उभ्या जन्मात त्याने हा आकडा फक्त चपलेच्या दुकानात ऐकला होता. पाठोपाठ कार्ड आलं, दर बुधवारी अकरा, दुसरा मजला, खोली दोनशे चौदा, आणि त्याला लख्ख समजलं की आपल्याला जादा तास लागलाय.

म्हणून मग तो कामाला लागला. केंद्राच्या सगळ्या कार्यशाळांना गेला. अनोळखी माणसाशी हवामानावर कसं बोलावं याची कार्यशाळा दोन तासांची होती आणि ती चालू असताना बाहेरचं हवामान तीनदा बदललं, पण त्यावर कुणी बोललं नाही. ओळख झाल्यावर किती अंतरावर उभं राहावं यासाठी जमिनीवर पट्ट्या चिकटवल्या होत्या. एका सत्रात त्यांना दहा मिनिटं नुसतं रांगेत उभं केलं, पुढे काहीच नव्हतं, आणि शेवटी सगळ्यांना छान उभे राहिलात म्हणून सांगितलं. केंद्राच्या भिंतीवर एक मोठा आलेख होता : परक्या देशात माणसाचं मन आधी वर जातं, मग धाडकन खाली, मग हळूहळू पुन्हा वर. प्रत्येकाला एक रंगीत टाचणी दिली होती, आपण कुठे आहोत तिथे टोचायची. खालच्या खड्ड्यात टाचण्यांची इतकी गर्दी झाली होती की नवी टाचणी टोचायला जुन्या वाकवाव्या लागत. त्याने आपली टाचणी दर महिन्याला थोडी थोडी वर सरकवली आणि शेवटी उजवीकडे पार टोकाला नेली. तिथे दुसरं कुणीच नव्हतं. खड्ड्यातल्या लोकांकडे बघून त्याला वाटायचं, निदान यांची एकमेकांशी ओळख तरी होत असेल. मग दुसरी प्रश्नावली आली. स्वयंपाकघरात त्याच्याशी अधूनमधून बोलणारा एक सीनियर होता, कुठल्या तरी तिसऱ्याच देशाचा, तीन वर्षं जुना. तो भांडं घासता घासता म्हणाला, “पाच टाक आणि मोकळा हो. चार टाकू नकोस. चार टाकलं की त्यांना वाटतं हा खरं बोलतोय.” त्याने वीसच्या वीस पाच टाकले. वरून शाईने गोल केले.

आणि बुधवारी अकरा वाजता, जायचं नसताना, तो दुसऱ्या मजल्यावर जाऊन उभा राहिला. पाय आपोआप आले असं म्हणावं तर तेही खरं नव्हतं, वाटेत दोनदा तो परत फिरला होता. दोनशे चौदाचं दार बंद होतं आणि आत कुणाचं तरी नाक शिंकरणं ऐकू येत होतं. आत काय असतं ते त्याला माहीत होतं. दोन खुर्च्या, एक कुंडी, कागदी रुमालांचा डबा आणि बाई. त्यांना तो मनात बुधवारच्या बाई म्हणायचा. बाकीचे सहा वार त्या काय करत असतील याची त्याला कल्पना करता येत नसे. त्या विचारायच्या, “मग, कसं चाललंय?” तो म्हणायचा, “छान.” त्या म्हणायच्या, “काही बोलावंसं वाटतंय?” तो म्हणायचा, “सगळं उत्तम आहे.” मग दोघं गप्प बसायचे. पंचवीस मिनिटं. मध्येच बाई उठून कुंडीला पाणी घालायच्या. जादा तासाला आपण चांगली उत्तरं देतोय म्हणून तो खूश असायचा, आणि आता बंद दारापुढे उभं राहिल्यावर त्याला कळलं की आठवड्याच्या एकशे अडुसष्ट तासांत त्याच्या समोर दुसरं माणूस काही कामाशिवाय बसतं ते तेवढाच वेळ. प्रयोगशाळेत लोक पाठमोरे असायचे. दुकानातली बाई वस्तूंकडे बघायची. तो काउंटरवर गेला. तिथे एक गृहस्थ होते, त्यांचा चष्मा कपाळावरच राहत असे.

“मला प्रश्नावली पुन्हा भरायचीय.”

“किती पडले होते?”

“शंभर.”

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “म्हणजे ते तुम्ही होय! मग आता काय? शंभराच्या वर जात नाही ते.”

“कमी करायचेत.”

“कमी?”

“पन्नासपर्यंत आले तरी चालेल.”

“हे बघा, गुण वाढवून घ्यायला अर्ज आहे. हा निळा. कमी करायला नाही. आजवर कुणी मागितलाच नाही.”

“मग मी मागतो.”

“तुम्ही मागून कसं चालेल? तुम्ही रुळलेले. तक्रार असली तर ती न रुळलेल्याने करायची.” आणि त्याचा चेहरा बघून त्यांनी दयेने निळा अर्ज तरी घ्या म्हणून पुढे केला.

तेवढ्यात दोनशे चौदाचं दार उघडून बाई रिकामा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्याला बघताच त्यांचा चेहरा असा उजळला की त्याने निळा कागद पाठीमागे लपवला. “अरे, तू! तुझंच बोलणं चाललं होतं सकाळी. संचालक स्वतः खाली आले होते. तुला माहीत नाही, पण हे केंद्र बंद करायच्या गोष्टी चालल्या होत्या. नुसते गप्पा मारता म्हणायचे आम्हाला. आता तुझा निकाल बघून आणखी एक खोली देताहेत!” त्या हसत होत्या, तांब्या छातीशी धरून. आठ महिन्यांत त्याने त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं, आणि हे हसू आपण वीस खोट्या गोलांनी आणलंय हे त्याला माहीत होतं. “पण तू कसा काय आलास? काही हवं होतं?” सतराव्या वाक्याला, गरज पडली तर मला मदत मागता येते, याला त्याने पाच टाकले होते. तो म्हणाला, “नाही, सहज आलो होतो.” मग बाईंनी त्याला नव्या विद्यार्थिनीचं नाव-पत्ता असलेलं पाकीट दिलं, पाठीवर थाप मारली आणि त्या पाणी भरायला गेल्या. तो जिना उतरताना हसत होता. चेहऱ्यावरचं हसू काढायला त्याला तळमजला लागला.

दुपारी ताईचा फोन आला. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेलेली, आणि घरची खरी खबर फक्त तिच्याकडून मिळायची. “काय रे शहाण्या, जिवंत आहेस का?”

“मजेत.”

“तुझं मजेत ऐकून कान किटले माझे. कधीतरी सर्दी झाली म्हण. पडसं म्हण.”

“नाही ना झालं पण.”

“तू म्हणजे ना, लहानपणी पडलास तरी उठून विचारायचास, कुणी बघितलं का? बरं ऐक, आईला सांगू नकोस मी सांगितलं म्हणून. बाबांनी तुझी खोली क्लासला घेतली. दहावीची मुलं वाढली. दोन महिने झाले. तुझा पलंग माझ्याकडे आणलाय, आमचा बंटी उड्या मारतो त्यावर. आणि ते मधलं दार होतं ना, ते काढून भिंत घातली. तिथे लांबलचक फळा लावलाय. ऐसपैस झालंय.”

“दार काढलं?”

“मग? फळ्याच्या मागे दार कशाला हवंय?”

“आणि मी आलो की?”

“तू आलास की बघू. तू काय उद्या येतोयस? मस्त रुळलायस तिकडे. आई तर भाजीवालीलाही सांगते, आमचा अगदी रुळला म्हणून.” मग ताईने बंटीला बाहेर पिटाळलं. “का रे? रुळलायस ना?”

“हो तर,” तो म्हणाला. “पत्र पण आलंय.”

फोन ठेवल्यावर तो खिडकीशी उभा राहिला. समोरच्या इमारतीच्या भिंतीवर एक माणूस दोरीला लटकून काचा पुसत होता, वरच्या मजल्यापासून खाली, अगदी शांतपणे, जणू त्याला घाई नाही आणि पडायचंही नाही. दोन महिने झाले. म्हणजे दोन महिने तो रोज सकाळी जे दार शोधत होता ते तिथेही नव्हतं. इथल्या भिंतीवर आणि तिथल्या फळ्यावर तो एकाच वेळी आपटत होता. त्याला हसू यायला हवं होतं, विनोद चांगला होता. त्याने फळ्यावर खडूने काढलेलं एखादं वर्तुळ, त्याच्या मध्यावर आपली आपटलेली बोटं, आणि समोर बाकांवर बसलेली दहावीची मुलं अशी कल्पना केली. सर विचारताहेत, हे कोण आत येऊ बघतंय? एक मुलगा हात वर करून सांगतोय, सर, तो रुळला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण नखाने खिडकीच्या चौकटीवरचा रंग खरवडतोय आणि आपल्याला थांबता येत नाहीये. कुठेतरी जायला हवं होतं. तो चपला घालून खाली गेला, बसथांब्यापर्यंत गेला, तीन बस सोडल्या, परत आला. कुठे गेला होतास असं विचारणारं कुणी नव्हतं, त्यामुळे तो कुठेच गेला नव्हता.

गुरुवारी दुपारी कँटीनमध्ये तो त्या नव्या विद्यार्थिनीला भेटला. विद्यार्थिनी म्हणजे त्याला वीस-एकवीस वर्षांची मुलगी वाटली होती; निघाल्या सत्तेचाळीस वर्षांच्या नर्सबाई. बावीस वर्षं पुरुषांच्या वॉर्डात काढून, नवरा आणि सासू यांना एकमेकांच्या ताब्यात देऊन, वरच्या हुद्द्यासाठी दीड वर्षाचा अभ्यासक्रम करायला आलेल्या. त्यांचा देशही वेगळा, भाषाही वेगळी. दोघांना इथलीच भाषा तोडकीमोडकी वापरावी लागत होती. त्या उकडलेलं अंडं न बघता सोलत होत्या आणि बघत होत्या त्याच्याकडे.

“तूच का तो शंभरवाला?”

“हो. म्हणजे, रुळण्याचे सात टप्पे असतात,” त्याने सुरुवात केली. पत्रक त्याला पाठ होतं. “पहिल्या तीन आठवड्यांत—”

“टप्पे राहू देत. मला एक सांग. सकाळी जाग आली की आपण कुठे आहोत हे कळायला तुला किती वेळ लागतो?”

“लागत नाही.”

“मला अकरा सेकंद लागतात. मोजते मी, सवय आहे. काल तेरा लागले. घाबरायला होतं रे. तुझं कधी थांबलं?”

“तीन आठवड्यांत.”

“तारीख?”

“तारीख नाही लक्षात.”

“ताप कधी उतरला ते माणसाच्या लक्षात राहतं.” त्यांनी अंडं खाली ठेवलं आणि त्याला काही कळायच्या आत त्याचा उजवा हात उचलून उताणा-पालथा करून बघितला, बाजारात वांगं बघावं तसा. “हे काय?”

“दारात सापडली बोटं.”

“दारात सापडली की आडवा वण उठतो. हे आपटलेलं आहे. आणि आजचं नाही, जुन्यावर नवं, त्यावर आणखी नवं. कुणाला मारतोस?”

“नाही हो!”

“मग तुला कोण मारतं?”

“भिंत,” तो म्हणाला. हे उत्तर पत्रकात नव्हतं. ते त्याच्या तोंडून बाहेर आलं आणि टेबलावर अंड्याच्या टरफलांशेजारी पडून राहिलं, आणि मग त्याच्या मागोमाग बाकीचंही आलं, अडखळत, चुकीच्या क्रियापदांसकट : उजवीकडचं दार, आठ महिने, ताई, फळा. बावीस वर्षं रोग्यांचं ऐकलेल्या त्या बाईने मध्ये ‘अरेरे’ म्हटलं नाही. ऐकून झाल्यावर उरलेलं अंडं एका घासात संपवलं, हात पुसले आणि म्हणाल्या, “चल, खोली दाखव.”

खोलीत आल्यावर त्यांनी पलंग बघितला, भिंत बघितली, तेलकट डागावर हात ठेवून बघितला. मग उशी उचलली आणि पायाकडच्या टोकाला ठेवली. “इकडे डोकं करून झोप. उजवं अंग मोकळं होईल. उठलास की सरळ दारात.”

तो बघत राहिला. आठ महिने, एकतीस बुधवार, सात टप्पे, एक आलेख, आणि उशी. त्याला अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढं मोठं दुःख आणि ते इतकं हलकं, कापसाचं निघावं? “बस एवढंच?” त्याने विचारलं.

“एवढंच कसलं? ही पट्टी आहे, औषध नाही. बोटं वाचतील. आत काय आहे ते दाखव कुणाला तरी.”

“मी रुळलोय पण. लेखी आहे.”

“कसं वाटतंय विचारलं की सगळे रोगी बरं म्हणतात,” नर्सबाई म्हणाल्या. “मरतानाही म्हणतात. म्हणून आम्ही आधी नाडी बघतो. आणि उद्या तिथे स्टेजवर उभा राहून तीन आठवडे-बिठवडे सांगू नकोस. माझ्यासारख्या शंभर जणी बसल्या असतील मोजत.” त्या दारातून निघून गेल्या, जाताना आग लागल्यास काय करावं ती आठ चित्रं नीट वाचून.

शुक्रवारी सकाळी तो उठला. म्हणजे डोळे उघडायच्या आधीचा तो जो कोणी होता तो उठला, उजवीकडे वळला, हात पुढे केला, आणि हाताला काहीच लागलं नाही. हवा लागली. मग दाराची मूठ लागली, मूठ फिरली, दार उघडलं. पायाखाली गार फरशी आली आणि त्याने डोळे न उघडताच, घरी रोज जे म्हणायचा ते, मोठ्याने म्हटलं, “आई, किती वाजले गं?” आवाज त्याचाच होता. फोनवरचा नव्हे, प्रयोगशाळेतला नव्हे, बाईंपुढचा नव्हे. जाडसर, चिडका, लाडात वाढलेला, आठ महिने कुठे ठेवला होता देव जाणे. उत्तर आलं नाही. त्याने डोळे उघडले. लांबलचक पॅसेज होता, दोन्हीकडे सारखी दारं, भिंतीवर लाल नळकांडं, आणि पुढ्यात फडकं घेतलेला सफाईवाला त्याच्याकडे बघत होता. शेजारच्या खोलीतला एक जण तोंडात ब्रश घेऊन थबकला होता. “ओलं आहे,” सफाईवाला म्हणाला, “घसरशील.” त्याला हो म्हणायचं होतं. पण घशातून जे आलं ते हो नव्हतं, शब्दच नव्हता, आणि ते एकदा आलं ते येतच राहिलं. भिंत होती तोवर बरं होतं. भिंतीवर आपटलं की बोटं दुखायची, आणि बोटं दुखतात म्हणून पाणी घ्यायचं, पेला घ्यायचा, बुडवायची. आता मध्ये काहीच नव्हतं. तो भिंतीला धरून ओल्या फरशीवर बसला, आणि सफाईवाल्याने थोडा विचार करून फडकं बादलीत टाकलं आणि त्याच्या बाजूला ‘सावधान, निसरडे’ लिहिलेली पिवळी पाटी आणून उभी केली.

नंतर तो उठला आणि चालू लागला. कपडे झोपायचेच होते, पायात काही नव्हतं. आवारात लोक बघत होते, पण अंतर राखून, पट्ट्या चिकटवल्यासारखे. केंद्राच्या इमारतीत खाली सभागृहात खुर्च्या ओढण्याचे आवाज येत होते, कुणीतरी माइकमधून हॅलो, हॅलो, एक, दोन म्हणत होतं. तो जिना चढला. काउंटरवरच्या गृहस्थांनी चष्मा खाली घेतला आणि पुन्हा वर ठेवला. दोनशे चौदाचं दार उघडं होतं. बाई आरशासमोर उभ्या राहून साडीला नव्हे, कोटाला, समारंभाचा बिल्ला लावत होत्या.

“अरे, आलास पण? अजून पाव तास—” त्या वळल्या. त्याच्या पायांकडे बघितलं, मग वर. “काय झालं?”

“प्रश्नावली खोटी होती.”

“किती?”

“वीसच्या वीस.”

बाईंच्या चेहऱ्यावरून संचालक गेले, नवी खोली गेली, खाली मांडलेल्या खुर्च्या गेल्या. सगळं जाताना त्याला दिसलं, आणि त्याला वाटलं आता त्या कपाळाला हात लावतील. त्यांनी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. “बस,” त्या म्हणाल्या.

“आज शुक्रवार आहे. माझी वेळ नाही ही.”

“बस म्हटलं ना.” आणि त्यांनी जाऊन दार लावून घेतलं.

तो बसला. बाईही बसल्या. त्याने तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य आलं, “सुरुवातीला थोडं अवघड जातं, पण,” आणि तो थांबला, कारण ते पत्रकातलं होतं. दुसरं सुरू केलं, तेही पत्रकातलं. इथल्या भाषेत त्याच्याकडे फक्त बरी वाक्यं होती. ती भाषा तो बरं असण्यासाठीच शिकला होता, वाईट वाटण्याचे शब्द त्याने परीक्षेला येणार नाहीत म्हणून सोडून दिले होते. त्याने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, मिटलं. बाईंनी रुमालांचा डबा पुढे सरकवला नाही, कुंडीकडे गेल्या नाहीत, घड्याळाकडे बघितलं नाही. खाली माइकवर कुणीतरी पाहुण्यांना जागा घेण्याची विनंती करत होतं.

मग तो आपल्या भाषेत बोलायला लागला. “त्यांनी दार काढलं हो,” तो म्हणाला. “मला विचारलंसुद्धा नाही. आणि मीच सांगत होतो ना सगळं मस्त आहे, मस्त आहे, मग ते तरी कशाला विचारतील? मला इथे अजिबात करमत नाही. पहिल्या दिवसापासून नाही. मला कुणी हाक मारत नाही. परवा प्रयोगशाळेत एकाने मागून हाक मारली, मी वळलो तर तो दुसऱ्यालाच...” तो बोलत राहिला, भराभर, हातवारे करत, नाक ओढत, मध्येच सरांवर चिडत, ताईची नक्कल करत, आणि बाईंना त्यातला एक शब्दही कळत नव्हता. खाली त्याचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या झाल्या, टाळ्या थांबल्या, पुन्हा नाव पुकारलं गेलं. बाई पुढे वाकून बसल्या होत्या आणि मान हलवत होत्या. चुकीच्या ठिकाणी हलवत होत्या. विनोदाला हळहळत होत्या, आणि जिथे तो काढलेल्या दाराविषयी बोलत होता तिथे थोडं हसत होत्या. पण हलवत होत्या, आणि तो बोलत होता.